तिसरा बोल्ट

दादा,

भंगारवाला आला तर परत पाठव. बाबांच्या गाडीला हात लावू देऊ नकोस.

सकाळी सायलेन्सर काढायला बसलो. दोन बोल्ट तेल सोडल्यावर निघाले. तिसरा गंजलेला, जोर लावला तर डोकंच तुटून हातात आलं. वैतागून गॅरेजला कुलूप लावलं आणि वर आलो, तर खालून हातोडीचे ठोके. हलके दोन, जरा थांबून परत दोन, बाबा होते तेव्हा ठोकायचे तसे.

कुलूप काढून पाहिलं, आत कोणी नाही. तिन्ही बोल्ट जागेवर घट्ट. तुटलेलासुद्धा अख्खा, आणि त्याचं डोकं अजून माझ्या खिशात आहे.

मी मावशीकडे जातोय. गाडी भंगारात देत नाही, हे तूच बाबांना गॅरेजच्या दारातून सांग. मी सांगून पाहिलं. ठोके अजून चालू आहेत.