हिरवं पाकीट

आईला पेइ-रुंगचा वाकून नमस्कार.

शिनचूत माझं खाणंपिणं वेळेवर चाललंय. युनिक्स सर्व्हर सांभाळायच्या नोकरीची मुलाखत सोमवारी आहे. मिळाली तर नेमणूक आपल्या ताइनानलाच, म्हणजे रोज बाबांना बघायला दवाखान्यात येता येईल.

माझी मैत्रीण यी-च्येन रोज परीक्षा घेते. काल ओरडली, "सर्व्हर बंद पडलाय, साहेब डोक्यावर उभे आहेत. आधी काय करशील?"

मी म्हटलं, "कशालाच हात लावणार नाही. आधी नोंदी वाचेन."

"नापास! आधी सर्व्हर शहाण्यासारखा वागावा म्हणून त्याच्यावर ठेवलेल्या खाऊच्या पाकिटाची तारीख उलटलीय का बघ, बावळट!"

तू माझ्या इथल्या कामावरच्या सर्व्हरवर ठेवायला पाठवलेलं पाकीट पिवळं निघालं गं. तिथे हिरवंच लागतं. मशीनचा हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत; पिवळा दिवा लागला की आमची झोप उडते. इतकी वर्षं माझ्याकडून ऐकूनही चुकलीस, म्हणजे तुझं मन थाऱ्यावर नाही. झोपतेस ना नीट? बाबा डोळे उघडतात का?

हिरवं मी आणलं, पण ते सोबत पाठवतेय. बाबांच्या श्वासाच्या मशीनवर ठेव. नर्सबाई काही म्हणणार नाहीत, त्याही ठेवतात. कुणालाही फोडू देऊ नकोस, फोडलं की त्याचा गुण जातो.

फक्त बाबांनी स्वतः खायला मागितलं, तर लगेच फोड.

तुझीच,
पेइ-रुंग