ताईची रोपं

गुरुवार, एप्रिल अखेर. मुकुंदवाडी.

टँकर आजही आला नाही. ताई उद्या परत जाईल, उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या तिच्या जंगलात. तिथं ती मोठ्या दिव्यांखाली रोपं तापवते, पाणी न घालता. पुढं ऊन वाढलं की कोणती झाडं मरतील, ते आधीच कळावं म्हणून.

चहा घेताना सहज सांगत होती. एका विद्यार्थिनीला राहवलं नाही, तिनं आपल्या बाटलीतलं पाणी सुकत चाललेल्या रोपाला घातलं. "काढून टाकलं तिला. सगळ्यांची मेहनत नासली."

आई तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालत होती. वळलीसुद्धा नाही. "बरं केलं तिनं. माझ्या शेवटच्या टायमाला त्या पोरीलाच पाठव. तू नको येऊ."

ताई हसली. मग ते हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, उतरवायचं विसरल्यासारखं.

ती बाटली डोक्यातून जात नाही. केवढंसं पाणी असेल? पण ताईचंही खरंच आहे. तिनंही पाणी घातलं तर कोणती झाडं मरतील, ते जगाला कळणार कसं? आई ते बोलली तेव्हा ताईचे ओठ कोरडे पडलेले दिसत होते, माठ माझ्या हाताशी होता, आणि मी नुसती बघत बसले.