बारा भोपळे, पंचवीस तारखेपर्यंत

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९

या दोन हातांनी आजवर केलेल्या गोष्टी: घरामागचा डेक. देवदाराची होडी (गळत नाही, एका कोपऱ्यात ओलसर राहते). स्वयंपाकघरातली सगळी कपाटं. शिकारीत खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायची लाकडी बदकं, चौतीस; पैकी सहांवर खऱ्या बदकांनी विश्वास ठेवला. फाटकाजवळची पत्रपेटी, तीन वेळा, कारण बर्फ काढणारी गाडी दर हिवाळ्यात तिलाच शोधत येते. कोणी शिकवलं? कोणीही नाही.

हे आज लिहायचं कारण माझ्या बायकोचा, मार्लिसचा, उजवा हात. तळ्याच्या धक्क्यावर घसरली, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आणि ती चर्चच्या बाजारासाठी क्रोशाचे बारा भोपळे कबूल करून बसलेली. हॅलोवीनला दाराशी मांडतात ते, लोकरीचे, आत कापूस भरलेले. बाजार पंचवीस तारखेला. तिथलं विक्रीचं टेबल एकोणीस वर्षं तिचं आहे. काल डोरीन क्लेपीबाईंचा (भुतांच्या मेणबत्त्या करतात त्या) फोन आला. म्हणाल्या, मार्लिस, तू आराम कर गं, यंदा टेबल मी बघते. मार्लिसने फोन ठेवला. मग म्हणाली, ते टेबल एकदा डोरीनकडे गेलं की गेलंच.

मी म्हणालो, भोपळे मी करतो.

तिने विचारलं, मी सांगेन तसे करशील? मी म्हणालो, अर्थात.

संकल्प: रोज एक भोपळा. सोळा तारखेला काम खलास. उरलेले दिवस बारीकसारीक सफाईला.

५ ऑक्टोबर

मार्लिसने कागद दिला. ‘नवशिक्यांसाठी सोपा भोपळा. वेळ: दोन तास.’ तीस साखळ्या घालायच्या, त्यांवर मुके खांब (म्हणजे साधे बुटके टाके) विणत सरळ पट्टी करायची, दोन कडा जोडून नळी, खालचं तोंड दोऱ्याने आवळायचं, कापूस भरायचा, वरचं तोंड आवळायचं. मग बाहेरून लोकर ताणून आठ फाका पाडायच्या. झाला भोपळा.

याला मी भोपळा म्हणत नाही. याला मी तोंड बांधलेला पायमोजा म्हणतो.

दुपारी जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन ग्रिमस्टॅडच्या भोपळ्यांच्या शेतावर गेलो. सात भोपळे मोजले. एकालाही आठ फाका नाहीत! असले कागद काढणारे छापून मोकळे होतात, आणि बायका वर्षानुवर्षं आठ पाडत बसतात. ग्रिमस्टॅड म्हणाला, लोवेल, विकत घेणार आहेस की मापं घेऊन त्यांना सदरे शिवणार आहेस? स्वतःच हसला. या गावात अचूकपणाची कदर नाही.

निर्णय: पट्टी रद्द. मी थेट गोल विणणार, देठापासून खाली. फाका तेरा.

७ ऑक्टोबर

मार्लिसची क्रोशाची सुई ॲल्युमिनियमची, माझ्या हातात काडीसारखी वाटते. अक्रोडाच्या लाकडाची स्वतः करणार. अवजार चांगलं असलं की काम आपोआप होतं.

९ ऑक्टोबर

सुई झाली. टोक तुटलं. लाकडाचा दोष.

११ ऑक्टोबर

तिसरी सुई अप्रतिम. तिच्यासाठी गॅरेजच्या भिंतीवर खुंटाळंही केलं, सहा खाचांचं, कारण पुढे सुया वाढतील. मार्लिसने विचारलं, भोपळे किती झाले? मी म्हणालो, पाया घालतोय. ती म्हणाली, लोवेल, भोपळ्याला पाया नसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार. चर्चहून आल्यावर

प्रत्यक्ष विणायला सुरुवात. मार्लिस म्हणाली, फेरी जिथे सुरू होते तिथे सेफ्टी पिन अडकव, नाहीतर गोल गोल फिरत राहशील. ज्याला मोजता येत नाही त्याला पिन. मी तीस वर्षं लाकूड मोजतोय.

१३ ऑक्टोबर

आठवी फेरी. किंवा अकरावी. मध्येच फोन आला म्हणून. नाहीतर सगळं लक्षात होतं.

काठाला लाटा आल्यात, गोल मिटायच्या ऐवजी उघडतच चाललाय. मार्लिसने उचलून पाहिला आणि म्हणाली, टोपी छान झालीय. मी म्हणालो, टोपीच होती. आधी हात बसवायला. खरं वाटावं म्हणून ती घालून पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईने आवाज खाली आणून विचारलं, लोवेल, डॉक्टर काय म्हणाले?

१५ ऑक्टोबर

पहिला भोपळा! पिन वापरली. प्रयोग म्हणून.

प्रत्येक टाका मी होडीच्या नांगराच्या दोराच्या गाठीसारखा ओढतो, त्यामुळे वस्तू अतिशय मजबूत झाली आहे. पुढची फेरी घालताना सुई आतच शिरेना, पक्कड घ्यावी लागली. तिसरी सुई त्यात गेली. सध्या मार्लिसची ॲल्युमिनियमची वापरतोय. तात्पुरती.

मार्लिसने भोपळा टेबलावर आपटला. ठक् असा आवाज झाला. म्हणाली, अरे हात सैल सोड, होडी नाही बांधायची. मी म्हणालो, हा दोनशे वर्षं टिकेल. ती म्हणाली, मला एका शनिवारपुरता हवा आहे. आणि बारा हवेत.

१७ ऑक्टोबर

दुसरा. कापूस भरायचं सोडलं; भोपळा हलकाफुलका असतो का कुठे? गॅरेजात हरणांना टाकायच्या मक्याचं पोतं आहे. तो भरला. वजन खरं येतं, आणि वाऱ्याने उडून जायची भीती नाही. मार्लिस म्हणाली, बाजार चर्चच्या तळघरात असतो, तिथे वारा कुठला? दूरदृष्टी सगळ्यांना नसते. पहिलाही उसवून मका भरला.

मग तिने विचारलं, चर्चमधल्या बायकांना हाक मारू का? मी म्हणालो, मुळीच नको, काम रुळावर आहे.

सुधारित संकल्प: रोज दोन.

२० ऑक्टोबर

एकूण तीन. बारा हा आकडा ठरवला कोणी? अंडी आहेत का ती?

चहा घ्यायला आत गेलो तर मार्लिस टेबलाशी बसून डाव्या हाताने विणायचा प्रयत्न करत होती. सुई पडली. तिने उचलली. परत पडली. मी दिसल्यावर सुई सफरचंदांच्या टोपलीमागे सरकवली आणि म्हणाली, काही नाही, बघत होते. मी पुन्हा गॅरेजात जाऊन खिळे मापाप्रमाणे लावून ठेवले. बरेच मागे पडले होते ते काम.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२

तिन्ही भोपळे ओसरीच्या कठड्यावर ठेवले, नैसर्गिक उजेडात फोटो काढायला. कॅमेरा आणायला आत गेलो (बॅटरी संपलेली, ती शोधण्यात वीस मिनिटं). बाहेर आलो तर खारींनी दोन फाडले होते. पायऱ्यांवर मका, कुंपणावर केशरी लोकर. एक खार माझ्याकडे बघत खात होती.

हे नुकसान म्हणून लिहीत नाही. खारी फक्त खऱ्या भोपळ्यांच्या वाटेला जातात. आठ फाकांच्या पायमोज्याला तोंड लावलं असतं का त्यांनी?

मार्लिसला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. म्हणाली, तीन दिवस उरलेत, लोवेल.

२३ ऑक्टोबर

मार्लिसने क्लेपीबाईंना फोन केला. मी मधल्या दाराचं बिजागर बघत होतो म्हणून ऐकू आलं. म्हणाली, डोरीन, माझ्याकडून होत नाहीये, मदत लागेल. मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग: हो, टेबलाच्या पाटीवर तुझंही नाव घाल. नाही, राग कसला.

बिजागराला तेल घातलं. माझ्यापाशी आणखी चार दिवस असते तर ही वेळ आली नसती. मनगटं नेमकी आठवडाभर आधी मोडत नाहीत, हाच सगळा घोटाळा.

२४ ऑक्टोबर. संध्याकाळी ६

दुपारी पाच बायका आल्या. माझं तंत्र बघायला आल्या असणार म्हणून मी तयारच होतो. क्लेपीबाईंनी लिंबाच्या वड्या आणलेल्या. सगळ्या माझ्या कपाटांखाली बसून सरळ पट्ट्या विणू लागल्या. मार्लिस मधोमध, प्लास्टर उशीवर, कोणाची कडा वाकडी जातेय ते बसल्या जागेवरून सांगत होती. तिला एवढं बोलताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तेरा फाकांचा मुद्दा मांडला. क्लेपीबाई म्हणाल्या, लोवेल, कॉफीत साखर कमी आहे.

साखर आणून दिली. पुन्हा मुद्दा मांडला. दूध आणायला पाठवलं.

पाच वाजता मोजले तर अकरा. क्लेपीबाई म्हणाल्या, अजून एक घेऊ का चटकन? मार्लिस म्हणाली, नको, बारा झाले, लोवेलचा एक आहे ना. क्लेपीबाई म्हणाल्या, तो धरायचाच का? मार्लिस म्हणाली, घरचाच आहे गं, धरायला लागतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३

बाजार. पाटीवर वर मार्लिस, खाली डोरीन. मार्लिस पाटीकडे बघून म्हणाली, चालेल, माझं वर आहे.

अकरा भोपळे आठ-आठ डॉलरला, पाऊण तासात संपले. माझा मध्यभागी, किंमत पंचेचाळीस, शेजारी मापांचं कार्ड. चौकशी भरपूर. एकाने विचारलं, दाराला अडसर म्हणून चालेल का? पास्टरांच्या बायकोने उचलला, दचकली, दोन्ही हातांनी परत ठेवला. एका आजोबांनी कानाशी धरून हलवला आणि दोन डॉलर म्हणाले. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं. कार्डाच्या तिसऱ्या ओळीलाच ते निघून गेले.

बाजार उठताना मार्लिस आणि क्लेपीबाई दोघी समोर येऊन उभ्या राहिल्या. दोघींचे चेहरे फारच गंभीर, म्हणजे कोणत्याही क्षणी हसणार. मार्लिसने डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी पुढे केली, सगळी अक्षरं उतारावरून घसरलेली. खाली दोघींच्या सह्या. मजकूर असा: टेबलाच्या वतीने लोवेलचा भोपळा कार्डावरच्या किमतीला, एक सेंटही कमी न करता, विकत घेण्यात येईल. अट एकच. हा त्याचा शेवटचा असावा.

मी नाही म्हणालो. पंचेचाळीस डॉलर सोडले, पण भोपळे सोडले नाहीत.