हिप्परग्याच्या तळ्यावर समुद्राची काठी

३ नोव्हेंबर १९७४
आजपासून गांडूळ बंद. कणकेच्या गोळ्या बंद. बांबूची काठी तर बंदच. स्टेशनवर एक हिप्पी भेटला, गोव्याला निघालेला. त्याच्याकडं फायबरची काठी, चकचकीत रीळ, आणि गळाला पिसं बांधून केलेल्या तीन खोट्या माश्या. फ्लाय म्हणतात. सगळं खास समुद्राचं. खाऱ्या पाण्यानं गंजत नाही म्हणाला. मी सायकल दिली, त्यानं काठी दिली. गोवा कुठं, असं त्यानं विचारलं. विजापूर रोड दाखवला. सौदा माझ्याच फायद्याचा. सायकलला ब्रेक नव्हता.

४ नोव्हेंबर
कुंडलिकदादा मिलमधून आला. काठी बघून म्हणाला, सोलापुरात समुद्र कुठल्या पेठेत हाय? दादाला व्हिजन नाही.
वच्छलावहिनीला सातवा महिना. दुसरी खेप, म्हणून माहेरी गेली नाही. मरळ मासा खायचे डोहाळे लागलेत. शेजारच्या रंभाबाई म्हणाल्या, डोहाळं पुरवलं न्हाईत तर बाळाचा कान फुटतो. वहिनी घाबरली. मी शब्द दिला : आठ दिवसांत हाताएवढी मरळ.
जुनी काठी माझ्या दोस्ताला, भीमाला देऊन टाकली. बिचारा अजून गांडुळातच आहे.

५ नोव्हेंबर, सकाळ
गच्चीवर प्रॅक्टिस. दोर डोक्यावरून मागं न्यायचा, मग पुढं फेकायचा. मागं फर्स्ट क्लास जातो.

त्याच दिवशी, दुपार
मागं रंभाबाईंचं लुगडं वाळत होतं. म्हणाल्या, आरं मुडद्या, मासं पाण्यात असत्यात की! टेक्निक सगळ्यांना कळत नाही.

१० नोव्हेंबर
हिप्परग्याला चालत गेलो. सायकल असती तर. पण तो विषय संपला.
पहिली माशी बाभळीत. दुसरी माझ्याच सदऱ्यात, कापूनच काढली. तिसरी म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात. म्हैस बरीच ताकदवान निघाली, पण लाईन तुटली नाही. क्वालिटी! शेवटी मीच कापली.
शेजारी भीमानं दोन मरळ काढल्या. म्हणाला, एक ने की वहिनीला, लई वाट बघत आसंल. नेली नाही. शब्द मी दिलाय, मरळ दुसऱ्याची कशी चालेल?
वहिनीला सांगितलं, पाणी फार गोड आहे, काठीला मानवत नाही. तिनं नुसत्या रश्श्याशी भाकरी खाल्ली.

१४ नोव्हेंबर
नवीन माश्या बांधायला पिसं पाहिजेत. रंभाबाईंच्या कोंबड्याची शेपटी अगदी पाहिजे तशी. कोंबड्याला पटलं नाही. हाताला हळद लावलीय.
वहिनी म्हणाली, भावजी, मला मरळ पायजे, कोंबडा न्हाय.

१७ नोव्हेंबर
बार्शीला जातो. तिथल्या बाजारात मोराची पिसं मिळतात म्हणे. संध्याकाळी परत. उद्या मरळ. नक्की.

१ डिसेंबर
बार्शीत कुस्त्यांचा फड होता. तिथून पैलवानांबरोबर केमला गेलो. माणसं लई चांगली. पिसं राहिलीच.
घरी आलो तर चुलीवर मरळ. भीमा दर रविवारी आणून देतो म्हणे. माझ्या बांबूच्या काठीनं धरलेली. वहिनीनं शेपटीकडचा तुकडा माझ्यासाठी झाकून ठेवला होता. म्हणाली, खावा की भावजी, तुमच्याच काठीची हाय.
हे खरंच. काठी माझी म्हणजे मरळ माझी. शब्द पाळला. दोन भाकरी खाल्ल्या.

२ फेब्रुवारी १९७५
पुतणी महिन्याची झाली. दोन्ही कान ठणठणीत. रडते मात्र रंभाबाईंच्या आवाजात.
भीमाकडं जुनी काठी मागितली, नुसती रविवारपुरती. म्हणाला, आता हाताला बसली रं माझ्या.
घरातली दोरी तुटली म्हणून वहिनीनं माझी समुद्राची काठी दोन खुंट्यांवर आडवी टाकलीय. दिवसभर तिच्यावर लंगोट वाळतात. थेंब थेट रिळावर. आज उजेडात नेऊन नीट तपासलं. कुठंही गंज नाही.
हिप्पी खोटं बोलला नव्हता.