सहाव्या नंबरचं जहाज

७ जुलै

जेवताना आलियाने मोबाइलवरून यादी वाचून दाखवली — जगातले शांत देश, एकूण एकशे त्रेसष्ट. आइसलँड पहिला. सिंगापूर सहावा. आपण एकशे पंधरावे! "बाबा, येमेन तळाच्या पाचांत." लेकीला मजा वाटत होती.

बायकोचा, नसीमाचा, भाकरी थापणारा हात थांबला. हमझाला जहाजावर कॅडेट म्हणून घेतल्याचं पत्र आल्यापासून तिचं एकच — लढाई असेल तिथे पोरगा पाठवणार नाही. तिने विचारलं, "आपल्या हमझाचा जहाज खयच्या देशाचा?"

म्हटलं, सिंगापूरचं.

खोटं नाही. जहाजाच्या पाठीवर सिंगापूरच लिहिलंय. पण सव्वीस वर्षं मी बोटीवर काढली. झेंडा एकीकडचा, मालक दुसरीकडचा, खलाशी आमच्यासारखे. पनामाच्या झेंड्याखाली नऊ वर्षं होतो, पनामा अजून पाहिलेला नाही! जहाज जातं ते माल नेईल तिकडे. हे काही बोललो नाही. दोन वर्षं पोरगा मिरजोळ्याच्या कारखान्यात कुजला, तो सुटावा एवढंच डोक्यात होतं.

८ जुलै

हो म्हणाली.

१९ जुलै

हमझा गेला. नसीमाने सुकट भाजून दिली, आंब्याचं लोणचं, वर चार साबण. सहाव्या नंबरच्या देशात साबण मिळत नसेल काय! मी हसलो. ती नाही हसली.

२१ ऑगस्ट

हमझाचा फोन, फक्त मला. "बाबा, उद्यापासून तांबड्या समुद्रातनं जाणार, येमेनच्या कडेनं. चार-पाच दिवस फोन लागणार नाय. आईला नको सांगूस."

नाही सांगितलं. बापावर गेलाय.

२३ ऑगस्ट

मासळीवाली गुणवंती पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "भाभी, पोराचा काय फोन?" नसीमा म्हणाली, "सिंगापूरच्या जहाजावर हाय तो. सहावा नंबर." बांगडे निवडणारा तिचा हात थांबला नाही.

दुपारी बातम्यांत तांबड्या समुद्रात पेटलेलं जहाज. नाव दाखवलं नाही. नसीमाने उठून टीव्ही बंद केला. म्हणे, लाइटबिल फार येतं.

आलियाकडून मोबाइल घेतला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. समुद्राचं नाव कुठेच नाही. मी काय शोधत होतो कुणास ठाऊक. भीती वाटायला हवी. वाटत नाही. छातीवर भिजलेलं पोतं ठेवल्यासारखं आहे, तेवढंच.

२४ ऑगस्ट

फोन नाही.

२५ ऑगस्ट

नाही. नसीमाने बांगडे तळले. मी तीन खाल्ले. मीठ कमी होतं की जास्त, विचारलं तर सांगता येणार नाही.

२६ ऑगस्ट

हमझाचा फोन आला! पार झाले. पेटलेलं जहाज यांच्यापुढे तीन तासांवर होतं. "बाबा, आम्ही धूर बघितला." मी "बरं" म्हटलं. फोन नसीमाकडे दिला. तिने विचारलं, "जेवलास?"

२७ ऑगस्ट

आज नसीमाला सांगून टाकलं — झेंड्याचं, समुद्राचं, सगळं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मना ठाव होता. सव्वीस वर्षां तुमचेच झेंडे मोजलेत मी. तुमी तरी नको म्हणाल, म्हणून वाट बघत होते."