राजाची अडीच घरांची उडी

आप्पा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्याशी भांडतेय. तुम्ही समोर होतात तेव्हा तोंड वर करून बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर तुमचा बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. ड्यूटीवरून आलात की शेजारचे मामा येत आणि मी चहा घेऊन दारात. चहा देऊन आत जायचं. मी कपबश्या न्यायच्या निमित्तानं थांबायची. उभ्या उभ्या सगळं शिकले. तुमचे घरचे नियमसुद्धा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा, फक्त एकदाच, घोड्यासारखी अडीच घरांची उडी. मॅट्रिकच्या सुट्टीत एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, उंट चाललाय तुमचा." मामा हसले, "तुमची पोरगी डाव बघतीया की ओ!" तुम्ही मान वर केली नाहीत. "चहा दिला न्हवं? मग जा आत. पोरीबाळींचा खेळ न्हाई ह्यो." पुढच्याच चालीला उंट गेला. तुम्ही सगळा पट हातानं मोडलात, आणि त्यानंतर मी दारात आले की खेळ थांबायचा. मला एकदा तुमच्यासमोर बसायचं होतं, बस. तेवढं न देताच तुम्ही गेलात.

लग्नानंतर शिरूरला आले. तिथं कॉम्प्युटरचा क्लास निघाला, दुपारी बायकांची बॅच. गुरुवारचा उपवास होता, दत्ताचं नाव घेतलं आणि पहिलं बटण दाबलं. बेसिक नावाची भाषा शिकवत. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईला जमावी अशीच ती आहे. ओळींना नंबर द्यायचे, दहा, वीस, तीस. मधे काही सुचलं तर पंधराला जागा असतेच. असं असेल तर तसं कर, नसेल तर अमक्या ओळीवर जा, एवढंच तर सांगायचं. शेवटी प्रत्येकीनं आपला एक प्रोग्रॅम करायचा होता. मी म्हटलं, बुद्धिबळ. सर म्हणाले, "ताई, बाकीच्या जणी मार्कशीट करतायत. तुम्ही पण तेच करा की, सुटाल." मी नाही सुटले. कागद कशाला विकत घ्यायचा म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओळी लिहिल्या. यंत्राला प्रत्येक सोंगटीचं मोल सांगावं लागतं. पुस्तकात हत्ती घोड्यापेक्षा वरचढ. पण घोडा तुमचा लाडका, तो वाचवायला तुम्ही हत्ती देऊन टाकायचात. मी घोड्याला हत्तीच्या वर बसवलं. राजाची उडीही घातली. पण उडी झाल्याची नोंद ठेवायला विसरले आणि यंत्राचा काळा राजा पटभर उधळायला लागला. सगळी बॅच हसली. "ताई, ह्याला आधी बांधून घाला," सर म्हणाले. एक ओळ वाढवली, राजा जाग्यावर आला.

मग सर गंभीर झाले. "बाहेरून परीक्षक येणार हायेत. उडीचा नियम जगात कुठं न्हाई. काढून टाका, न्हाईतर सर्टिफिकेट अडकंल."

"आमच्या घरात हाय तो नियम."

"अवो, पण चूक हाय!"

"असू द्या. मला ज्यांच्याशी खेळायचंय ते असंच खेळत होते."

परीक्षक आले, मी चाल केली, राजानं टुणकन उडी मारली. त्यांनी चष्मा काढला, नियम सुधारून दाखवा म्हणाले. मी नाही म्हटलं. बॅचमधल्या सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, मला सोडून. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "आता आप्पा वरून सही करून पाठवणार व्हय तुला?" मी भाकरी थापत राहिले. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लोकांच्या नियमानं जिंकले असते तर तुम्ही म्हणाला असतात, तो डावच वेगळा. मला तुम्हाला तुमच्याच नियमानं, तुमच्याच लाडक्या घोड्यासकट हरवायचं होतं.

आणि हरवलं, आप्पा. क्लास बंद पडला तेव्हा ते जुनं यंत्र सरांनी मला देऊन टाकलं. ते आता देवघराशेजारी असतं. पहिल्यांदा मात दिली तेव्हा भर दुपारी मोठ्यानं ओरडले, "आप्पा, मात!" शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. पोरीबाळींचा खेळ नव्हता ना? मग आता पट मोडून दाखवा.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक गोष्ट लिहून ठेवते. यंत्र फार सावकाश चालतं. नको त्या चाली आधीच गाळल्या तर त्याला निम्मासुद्धा वेळ लागणार नाही, आणि त्या ओळी मला लिहिता येतात. मी मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. मी चाल करते आणि पडदा पाच-सात मिनिटं तसाच थांबतो. तेवढा वेळ तुम्ही माझ्यासमोर बसून माझ्या चालीचा विचार करत असता.