फ्रिजच्या दारावरची चिठ्ठी

पांढुर्णा, शनिवार

प्रिय सायली,

हे दुपारच्या गाडीनं तुझ्याकडे अन् भुऱ्याकडे नागपूरच्या दवाखान्यात येऊन राहिले, त्यांच्याच हाती हे पाकीट देते. सकाळपासून तीनदा फोन लावला. तू ‘हां ताई, बोला’ म्हटलंस की भुऱ्यानं दूध घेतलं का एवढंच विचारून मी ठेवून देत होते. सोमवारी त्या मुक्या जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला मामाजींनी होकार दिला, तरी त्याच्या वाटची भाकर मी थापतेच. तेही पडवीत त्याचं पोतं झटकतात, घडी करतात अन् पुन्हा अंथरतात.

जाऊ जावेला असं लिहीत नसते, पण लिहिते. तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुझ्यावर जळते. सौंसरला माहेरी बाबांनी मला मॅट्रिकनंतर शिकवलं नाही. चौदा वर्षं सून म्हणून मामाजींचं पथ्यपाणी अन् घरातले उपास-नैवेद्य मीच सांभाळते, तरी त्यांच्या तोंडी मी नुसती ‘मोठी’. ‘मोठीले सांगा, चाय ठेव.’ तू जनावरांची डॉक्टरीण होऊन आलीस आणि आठ दिवसांत ‘आमची सायली’ झालीस. भुऱ्याला भाकर मी घालते. पण मान आखडून तो कण्हायला लागला, तेव्हा डोकं नेऊन ठेवलं ते तुझ्या मांडीवर. कुत्र्याच्या मायेचाही हेवा करावा, इतकी मी उतरले.

त्या बुधवारी तू त्याच्या मानेतून सुईनं मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी काढलंस. तुझ्या इथल्या दवाखान्यातला फ्रिज बिघडलेला, म्हणून दोन नळ्या डबीत घालून घरी आणल्यास. मला नीट समजावलंस. उष्ण जागी या पाण्यातल्या पेशी तासाभरात फुटायला लागतात, मग सूज असूनही तपासणीत दिसत नाही. म्हणून एका नळीत त्याच्याच रक्तातलं सीरम टाकलंय. थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. सगळं समजलं होतं मला. तरी तू फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवलीस, ‘डबी बाहेर काढू नये.’ कोणासाठी होती ती? या घरात फ्रिज माझ्याशिवाय कोण उघडतं?

मग अहवाल आला. पेशी जवळपास नाहीत, सूज नाही. सुजेच्या गोळ्या तू सुरू करणार होतीस, त्या राहिल्या. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, मेंदूतच काही असेल, इलाज नाही. मामाजी तुला म्हणाले, ‘एवढी शिकली, अन् कायच्या कामाची?’ तू खाली मान घालून उभी होतीस. मी आत भाकरी थापत होते, अन् सायली, मला ते गोड लागलं.

आज पहाटे जामसांवलीला गेले. तिथला मारुती आडवा निजलेला. नारळ वाहायला वाकले, तर डोळ्यांपुढे पोत्यावरचा भुऱ्याच आला. नारळ तसाच परत आणला.

त्या बुधवारी संकष्टी होती. नैवेद्याच्या दुधाशेजारी कुत्र्याचं पाणी नको, असं मनाशी म्हणून मी डबी बाहेर काढली. देवाचं नाव फक्त पुढे केलं. काढली ती तुझी चिठ्ठी वाचून. मे महिन्याचं ऊन, अन् मी ती ओट्यावर गॅसच्या बाजूला ठेवली. अकराला काढली, दीडला कुलदीप भाऊजी तपासणीला न्यायला येणार म्हणून परत आत ठेवली. नळ्या हाताला कोमट लागल्या होत्या. दूधवाला किती वाजता आला तेही मी वहीत लिहिते, हे लिहिलं नाही. तुझं निदान चुकलं नव्हतं. पाणी पुन्हा काढ अन् तिथल्या तिथे तपासून घे. सोमवार थांबवायचा फोन मामाजी आता करतीलच, पण मी काय केलं ते माझ्याच अक्षरात तुझ्याजवळ असू दे. त्यांना मघाशी पडवीत सगळं सांगितलं. त्यांच्या हातात पोतं तसंच होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ‘सुचिता’ म्हणाले, अन् पोतं परत अंथरायला वाकले.

तुझीच,
सुचिता